कांडीचा साचा

सोलापूर शहरात सात रस्ता नावाचा एक चौक आहे. रेल्वे स्टेशनापासून तो फार लांब नाही. नावाप्रमाणेच येथे वेगवेगळ्या दिशांचे रस्ते एकत्र येतात. परगावचा माणूस या चौकात आला की क्षणभर गोंधळतो. मग तो कोणाला तरी विचारतो, "मला दवाखान्यात जायचे आहे. कोणत्या रस्त्याने जाऊ?" एखादा घाईतला माणूस लगेच बोट दाखवतो आणि निघून जातो. दुसरा मात्र थांबून विचारतो, "कोणत्या दवाखान्यात? सरकारी की खाजगी?" या दोघांपैकी खरी वाट कोण दाखवील, हे तुम्हांला सांगायला नको.

ही गोष्ट अगदी साधी वाटते. पण माझ्या मामूंना ती मोठी किंमत देऊन कळली. त्यांची हकिकत मी तुम्हांला सांगणार आहे. त्याआधी साचा म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ.

मुलांनो, तुम्ही कुल्फीचा साचा पाहिला असेल. साच्याचा जसा आकार असतो, तसाच कुल्फीचा होतो. उर्दूत आपण 'सांचा' म्हणतो, तोच हा मराठीतला 'साचा'. तुमच्या पेनाचे टोपण, घरातली बादली, कंगवा, विजेचे बटण या सर्व प्लॅस्टिकच्या वस्तू साच्यातूनच निघतात. हा साचा पोलादाचा असतो. कारखान्यात त्याला 'डाय' किंवा 'मोल्ड' म्हणतात. प्लॅस्टिकचे दाणे यंत्रात तापवून वितळवतात. वितळलेले प्लॅस्टिक मोठ्या दाबाने बंद साच्यात सोडतात. ते थंड होऊन घट्ट झाले की साचा उघडतो आणि तयार वस्तू बाहेर पडते. अशा प्रकारच्या पहिल्या यंत्राचे पेटंट अमेरिकेतील जॉन वेस्ली हयात आणि त्याचा भाऊ यांनी १८७२ साली घेतले. आज तेच तत्त्व वापरून जगभर असंख्य वस्तू बनवल्या जातात.

मग साचा बनवणे सोपे आहे का? पोलादाचा ठोकळा घ्यावा, त्यात वस्तूच्या आकाराचा खळगा करावा, की झाले! पण तसे होत नाही. प्लॅस्टिक थंड होताना आकसते. पॉलिप्रॉपिलीन नावाचे प्लॅस्टिक सुमारे दीड टक्का आकसते, असे धरू. आपल्याला १०० मिलिमीटर लांबीची वस्तू हवी आहे आणि खळगाही बरोबर १०० मिलिमीटरचा केला, तर वस्तू ९८.५ मिलिमीटरचीच निघेल. म्हणून खळगा सुमारे १०१.५ मिलिमीटरचा ठेवावा लागतो. प्रत्येक प्लॅस्टिकचे आकसणे वेगळे असते. नायलॉनचा हिशेब एबीएसला चालत नाही.

दुसरी अडचण वस्तू बाहेर काढण्याची. वस्तूच्या भिंती अगदी सरळ उभ्या असतील तर ती साच्यात अडकून बसते. म्हणून भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो. बादली वर रुंद आणि खाली अरुंद का असते, याचे एक कारण तुम्हांला आता समजले असेल. याशिवाय प्लॅस्टिक साच्यात कोठून शिरेल, आतली हवा कोठून निघेल, साचा थंड ठेवणारे पाणी कोठून वाहील, वस्तूला बाहेर ढकलणाऱ्या पिना कोठे बसवाव्यात, या सगळ्यांचा विचार आधी करावा लागतो. हा विचार करून आराखडा काढणारा माणूस म्हणजे साच्याचा डिझायनर. पोलाद कापणारा कारागीर वेगळा आणि आराखडा काढणारा वेगळा.

सोलापूरच्या मुलांना हा फरक समजायला जड जाऊ नये. आपल्या सोलापुरी चादरीवर मोर असतो, फुले असतात. ती नक्षी विणकर मागावर बसून मनाने काढत नाही. आधी डिझायनर चौकटींच्या कागदावर नक्षी उतरवतो. त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोके पाडतात. ते पुठ्ठे मागावरच्या जेकार्डवर चढवतात. कोणत्या वेळी कोणता धागा उचलायचा, हे त्या भोकांवरून ठरते. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ साली ही युक्ती पूर्णत्वाला नेली. आता अनेक ठिकाणी कागदाची जागा संगणकाने घेतली आहे. पण आराखडा चुकला तर चादर चुकते, हा नियम बदललेला नाही.

मात्र चादर चुकली तर फार तर काही वार कापड वाया जाते. साचा चुकला तर पोलाद, मजुरी आणि महिने वाया जातात. कापलेले पोलाद पुन्हा जोडता येत नाही. थोडी दुरुस्ती होते, पण मूळ आराखडाच चुकीचा असेल तर साचा भंगारात जातो.

आता मामूंची हकिकत ऐका. त्यांचा यंत्रमागाच्या सुट्या भागांचा छोटासा कारखाना आहे. तीन कामगार, दोन यंत्रे आणि स्वतः मामू, एवढाच त्याचा पसारा. काही वर्षांपूर्वी त्यांनी धोट्यात बसणारी प्लॅस्टिकची कांडी बनवायचे ठरवले. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणारा तो लाकडी भाग. त्यात कांडी असते आणि कांडीवर आडवा धागा गुंडाळलेला असतो. कांडी वाकडी असेल तर धागा तुटतो आणि माग थांबतो.

मामूंना डिझायनर हवा होता. पण त्यांच्यासारख्या लहान कारखानदाराला वर्षातून एखादाच नवा साचा लागतो. त्यासाठी दरमहा पगार देऊन अभियंता ठेवणे परवडत नाही. अशा वेळी स्वतंत्रपणे काम करणारा डिझायनर उपयोगी पडतो. तो एकाच कारखान्याचा नोकर नसतो. जसे काम मिळेल तसे करतो आणि कामाचे पैसे घेतो. घरी एक चांगला संगणक, साच्याचे ज्ञान आणि अनुभव एवढ्यावर त्याचा व्यवसाय चालतो.

ओळखीच्या एका माणसाने मामूंना असा डिझायनर मिळवून दिला. मामूंनी त्याला एक जुनी लाकडी कांडी दाखवली. त्याने ती दोन मिनिटे हातात फिरवली आणि म्हणाला, "आठ दिवसांत आराखडा देतो. काही काळजी करू नका." मामू खूश झाले. ना प्रश्न, ना अडचण! त्यांनी सगळे पैसे आगाऊ देऊन टाकले. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते खोटे नाही.

साचा तयार झाला. त्याला जवळजवळ दोन लाख रुपये लागले. त्यांतले काही मामीचे दागिने गहाण ठेवून आणले होते. पहिल्या शंभर कांड्या निघाल्या. दिसायला त्या चकचकीत होत्या. पण मागावर चढवल्यावर त्या धोट्यात डुगडुगू लागल्या. एक कांडी कापून पाहिली, तेव्हा एका बाजूची भिंत जाड आणि दुसऱ्या बाजूची पातळ दिसली. सगळ्या कांड्यांची तीच गत होती. त्या डिझायनरचा फोन मग लागेना.

चूक काय झाली होती? कांडी लांब आणि आतून पोकळ असते. ती पोकळी तयार व्हावी म्हणून साच्यात पोलादाची एक लांब, बारीक सळई ठेवतात. तिला 'कोअर' म्हणतात. त्या साच्यात या सळईला एकाच टोकाला आधार होता आणि प्लॅस्टिक एकाच बाजूने आत शिरत होते. दाबाने आलेल्या प्लॅस्टिकने सळई समोरच्या बाजूला ढकलली जाई. म्हणून एक भिंत जाड आणि दुसरी पातळ होत असे. अनुभवी माणसाच्या ही गोष्ट आराखड्यातच लक्षात आली असती.

मामू कित्येक दिवस गप्प गप्प होते. एके दिवशी ते आमच्या घरी आले आणि म्हणाले, "बेटा, मी माणूस पारखण्यात चुकलो. आता दुसरा कोठे शोधू? आणि तो खरा आहे हे मला कसे कळणार?"

मी म्हणालो, "मामू, आपण आधी आपले काम नीट लिहून काढू. मग चार ठिकाणी विचारू."

"लिहायचे काय त्यात? कांडी हवी, बस्स!"

"मामू, कांडी कोणती, किती लांब, कोणत्या धोट्यात बसणारी, हे समोरच्याला कसे कळणार?"

त्या रात्री आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. मामू सांगत होते आणि मी मराठीत लिहीत होतो. कांडीची लांबी, दोन्ही टोकांची जाडी, आतल्या पोकळीचे माप, हे सर्व व्हर्निअरने मोजून लिहिले. कांडी धोट्यात कोठे घट्ट बसली पाहिजे आणि कोठे सैल चालेल, हे लिहिले. वर्षाला अंदाजे किती नग हवेत, मामूंचे यंत्र केवढे आहे, हेही लिहिले. शेवटी पहिला साचा का फसला, ते न लपवता लिहिले. मामूंना लाज वाटत होती. ते म्हणाले, "हे लिहिलेच पाहिजे का?" मी म्हणालो, "हकिमापासून आजार लपवून कसे चालेल?" त्यावर ते हसले.

दोन पानांचे ते वर्णन तयार झाल्यावर शोध सुरू झाला. साचे बनवणाऱ्या कारागिरांना विचारले, कारण कोणाचे आराखडे बरोबर निघतात हे पोलाद कापणाऱ्याला पक्के ठाऊक असते. अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एका शिक्षकांना विचारले. आणि तिसरा मार्ग संगणकाचा. आज जगभरातले यंत्रांचे आणि साच्यांचे डिझायनर इंटरनेटवर एकमेकांशी बोलतात, आपले काम दाखवतात, अडलेल्याला सल्ला देतात. हाही एक मोठा सात रस्ताच आहे. तेथे विचारणारे पुष्कळ आणि सांगणारेही पुष्कळ. आम्ही आमच्या वर्णनाचा थोडक्यात गोषवारा तेथे दिला. संपूर्ण मापे मात्र सर्वांसमोर मांडली नाहीत. ती निवडक लोकांनाच द्यायची, असे आधीच ठरवले होते.

सहा जणांची उत्तरे आली. त्यांतल्या पाचांनी लगेच किंमत कळवली. एकाने तर "सर्वांत स्वस्त, सर्वांत लवकर" असे लिहिले होते. सहावे उत्तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका अभियंता ताईंचे होते. त्यांनी किंमत लिहिलीच नव्हती. फक्त प्रश्न लिहिले होते.

"काका, प्लॅस्टिक कोणते वापरणार? कांडी भरताना किती फेऱ्यांनी फिरते? फसलेली एखादी कांडी कापून तिचा फोटो पाठवाल का? एका वेळी एकच नग काढायचा की दोन? जुन्या साच्याचे बाहेरचे भाग चांगले आहेत का? असतील तर ते पुन्हा वापरता येतील आणि तुमचा खर्च वाचेल."

मामूंनी हे वाचले आणि थोडा वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "या मॅडम काम करणार. पहिल्याने मला एकही प्रश्न विचारला नव्हता."

तरीही या वेळी आम्ही घाई केली नाही. त्या ताईंनी पूर्वी केलेल्या दोन साच्यांची माहिती घेतली. त्यांतला एक ज्या कारखान्यासाठी केला होता, तेथे फोन करून विचारले. नंतर एक छोटेसे काम पैसे देऊन करून घेतले. फसलेल्या साच्यात नेमका दोष कोठे आहे, एवढेच त्यांनी लिहून द्यायचे होते. त्यांनी चार दिवसांत चित्रासह उत्तर पाठवले. तेव्हा कोठे पूर्ण काम दिले. पैसे तीन हप्त्यांत ठरले: काम सुरू करताना, आराखडा पसंत पडल्यावर आणि नमुन्याच्या कांड्या बरोबर निघाल्यावर. आराखड्याची मूळ फाइल मामूंना मिळेल, असेही लिहून घेतले. फाइल 'स्टेप' नावाच्या प्रकारात मागितली. निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणक प्रणालींमध्ये तो प्रकार उघडता येतो. त्यामुळे पुढे दुसऱ्या डिझायनरकडे जावे लागले तरी काम अडत नाही.

नव्या आराखड्यात कोअरला दोन्ही टोकांना आधार दिला होता आणि प्लॅस्टिक समोरासमोरच्या दोन जागांतून आत सोडले होते. दोन्हीकडून सारखा दाब आला, त्यामुळे सळई जागची हलली नाही. जुन्या साच्याचे बाहेरचे काही भागही कामी आले. पुढच्या खेपेची कांडी कापून पाहिली तेव्हा दोन्ही भिंती सारख्या होत्या. मामूंनी ती कापलेली कांडी अजून आपल्या टेबलावर ठेवली आहे. शेजारीच पहिली, बिघडलेलीही ठेवली आहे. मामीचे दागिने सुटायला मात्र दीड वर्ष लागले.

अशा शोधाची एक मोठी गोष्ट जगातही घडली आहे. २०१३ साली जनरल इलेक्ट्रिक या प्रचंड अमेरिकन कंपनीने विमानाच्या इंजिनाच्या एका लहानशा भागासाठी खुली स्पर्धा घेतली. ग्रॅबकॅड या संगणकावरच्या डिझायनरांच्या मेळाव्यात ती मांडली गेली. मूळ भागाचे वजन २ किलो ३३ ग्रॅम होते. तो भाग तितकाच मजबूत, पण हलका करायचा होता. ५६ देशांतून सुमारे ७०० आराखडे आले. निवडलेल्या दहा आराखड्यांचे भाग प्रत्यक्ष बनवून त्यांना भार देऊन तपासले गेले. इंडोनेशियातल्या सालातिगा या गावचा तरुण अभियंता एम. अरी कुर्नियावान पहिला आला. त्याच्या भागाचे वजन होते अवघे ३२७ ग्रॅम! कंपनीने त्याचे गाव पाहिले नाही, ओळख पाहिली नाही. काम पाहिले आणि ते कसोटीला लावले. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. किती भार यायचा, भाग कोठे जोडलेला असेल, कोणता धातू वापरायचा, हे कंपनीने आधी स्पष्ट सांगितले होते. म्हणूनच इतक्या लांबच्या माणसाला बरोबर उत्तर काढता आले.

डिझायनरकडून काम घेताना प्रामाणिकपणाही पाळावा लागतो. दुसऱ्याची वस्तू समोर ठेवून "हुबेहूब अशीच काढून द्या" असे सांगणे योग्य नाही. आपल्या देशात डिझाइन अधिनियम, २००० हा कायदा आहे. या कायद्याखाली नोंदवलेल्या आकाराची नक्कल करता येत नाही. तसेच, डिझायनरने आपला आराखडा दुसऱ्याला विकू नये, हेही लेखी ठरवावे. गोड बोलण्यावर भाळून अनोळखी माणसाला सगळे पैसे आगाऊ देऊ नयेत. तुमच्या वयाच्या मुलांनी तर असा कोणताही व्यवहार घरच्या मोठ्यांना सांगितल्याशिवाय करूच नये.

तुमच्यापैकी कोणाला वाटेल, आपणही असे डिझायनर होऊ शकू का? का नाही! दहावीनंतर आयटीआयमध्ये 'टूल अँड डाय मेकर' हा अभ्यासक्रम शिकता येतो. तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेता येते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे इंडो-जर्मन टूल रूम ही खास साच्यांचे शिक्षण देणारी संस्था आहे. संगणकावर आराखडे काढण्याचा सराव करायला फ्रीकॅडसारखी विनामूल्य प्रणालीही मिळते. पण केवळ संगणकावर सुंदर चित्र काढता आले म्हणजे साचा येत नाही. पोलाद कसे कापतात, प्लॅस्टिक कसे वाहते, हे कारखान्यात उभे राहून पाहावे लागते. हात काळे केल्याशिवाय हे हुन्नर येत नाही.

आणि आणखी एक शिक्षण लागते. ते तुम्ही या वर्गातच घेत आहात. मामूंना कांडीची खडान्खडा माहिती होती. पण ती दुसऱ्याला कळेल अशी कागदावर मांडता येत नव्हती. आमच्या घरी उर्दू बोलतात. त्या ताईंची भाषा मराठी. दोन पाने स्वच्छ मराठीत लिहिली गेली, म्हणून सोलापूरची अडचण कोल्हापूर जिल्ह्यात समजली. वर्णनलेखनाचा स्वाध्याय तुम्हांला कधी कधी कंटाळवाणा वाटतो. पण कोणाच्या तरी घरचे दागिने त्या एका पानावर अवलंबून असू शकतात.

परवा मी मामूंबरोबर सात रस्त्यावर उभा होतो. एका परगावच्या माणसाने विचारले, "कारखान्यांकडे जायला रिक्षा कोठून मिळेल?" मी बोट दाखवणार, तोच मामूंनी माझा हात धरला आणि त्या माणसाला विचारले, "भाऊ, कोणत्या कारखान्यात जायचे आहे? अक्कलकोट रस्त्याच्या की चिंचोळीच्या?"

स्वाध्याय

१. साच्यातला खळगा वस्तूपेक्षा थोडा मोटा का नव्हे, तर थोडा मोठा का ठेवतात? उदाहरण देऊन सांगा.
२. मामूंची पहिली कांडी धोट्यात का डुगडुगत होती?
३. अभियंता ताईंनी किंमत न सांगता प्रश्न का विचारले असावेत?
४. मामूंनी दुसऱ्या वेळी कोणकोणती काळजी घेतली?
५. तुमच्या घरातली एखादी वस्तू घ्या. ती न पाहिलेल्या माणसाला बनवता येईल, असे तिचे वर्णन दहा ओळींत लिहा. मापे लिहायला विसरू नका.